महाडची सहल तळ्यापाशी संपू नये : रायगडच्या किनाऱ्यावर मुलांना काय शिकवावे?

दरवर्षी २० मार्च आणि २५ डिसेंबरला महाडला आपल्या समाजाची गर्दी उसळते. मुंबई, ठाणे, पुणे, रत्नागिरीहून गाड्या येतात. चवदार तळ्यावर अभिवादन होते, क्रांतिस्तंभाजवळ सभा होतात, पुस्तकांच्या स्टॉलवर खरेदी होते आणि संध्याकाळी परतीचा प्रवास सुरू होतो. या गर्दीत शाळकरी मुलेही मोठ्या संख्येने असतात. ती घोषणा देतात, फोटो काढतात. पण घरी जाताना ती काय शिकून जातात, हा प्रश्न विहारांच्या आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारायला हवा.

दुसरीकडे शाळांच्या सहलीही याच जिल्ह्यात येतात. त्यांचा मार्ग ठरलेला असतो : रायगड किल्ला, मुरुड-जंजिरा, अलिबागचा किनारा. मुंबईकडच्या शाळा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जातात. चौथीच्या परिसर अभ्यासात शिवछत्रपतींचा इतिहास आहे, म्हणून रायगड दाखवणे योग्यच आहे. मात्र मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना महाडच्या अलीकडे डोंगरात कोरलेली गांधारपाले लेणी बसच्या खिडकीतून दिसतात आणि मागे पडतात. ती कोणी कोरली, तिथे कोण राहत होते, त्यासाठी पैसा कोणी दिला, हे मुलांना कोणी सांगत नाही.

आमचे म्हणणे साधे आहे. इतिहास, भूगोल आणि जंगल हे शाळेच्या वेळापत्रकात तीन वेगळे तास असतील, पण रायगडच्या किनाऱ्यावर ते एकाच प्रश्नाला येऊन मिळतात : पाणी, जमीन आणि जंगल कोणाचे? बाबासाहेबांनी महाडला हाच प्रश्न विचारला होता. म्हणून मुलांना इथे आणायचे, तर हा प्रश्न हातात देऊनच आणले पाहिजे.

सत्याग्रहाची वाट नकाशावर दाखवा

महाडचा सत्याग्रह आपण तारखांनी शिकवतो. रावबहादूर सी. के. बोले यांचा मुंबई कायदे कौन्सिलातला ठराव १९२३ चा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. बाबासाहेब तळ्याचे पाणी प्यायले २० मार्च १९२७ ला, मनुस्मृतीचे दहन झाले २५ डिसेंबर १९२७ ला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला १७ मार्च १९३७ ला. या तारखा पाठ असाव्यातच. पण सत्याग्रह महाडलाच का झाला आणि लोक तिथे कसे पोहोचले, हे समजायला नकाशा लागतो.

महाड आज आपल्याला महामार्गावरचे गाव वाटते. पूर्वी ते नदीवरचे बंदर होते. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूर-महाडवरून वाहते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. भरतीचे पाणी खाडीतून बरेच आत येते. त्या पाण्यावर गलबते आणि होड्या वर येत. महाडच्या मागे वरंधा घाट आहे, तो चढला की भोर, पुणे. म्हणजे घाटावरचा माल आणि समुद्रावरचा माल इथे एकमेकांना भेटत होता. अशा गावात बाजारपेठ असते, पेठेत दूरदूरच्या गावांतून माणसे येतात, आणि त्यांना पाणी लागते. बाजाराला आलेला इतर कोणीही तळ्यावर पाणी पिऊ शकत होता, तिथे गुरेही पाणी पीत होती. अस्पृश्य माणूस मात्र तहानलेला परत जात होता. नगरपालिकेचा ठराव झाल्यावरही तीन वर्षे तो कागदावरच राहिला.

डिसेंबरच्या परिषदेचा प्रवासही नकाशावर बोट ठेवून सांगण्यासारखा आहे. २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. धरमतरवरून मोटारीने येण्याचा मार्ग होता, पण मोटारवाले ऐनवेळी नकार देतील ही शक्यता धरून त्यांनी समुद्रमार्ग निवडला. दुसऱ्या दिवशी ते दासगाव बंदरावर उतरले. तिथे हजारो सत्याग्रही वाट पाहत होते. दासगावहून महाडपर्यंतचे सुमारे पाच मैल सगळे पायी चालत गेले. परिषदेच्या मंडपासाठी जागा मिळू नये असा प्रयत्न झाला, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली.

एवढे सांगून मुलांना विचारा : रस्ता बंद झाला तर कोणता मार्ग उरतो? भरती-ओहोटीची वेळ चुकली तर काय झाले असते? सभेला जागा देणे ही केवढी मोठी गोष्ट होती? भूगोल इथे पाठांतराचा विषय राहत नाही. चळवळ चालवायला तो किती कामाला येतो, हे मुलांना कळते.

न्यायालयातला वादही सोप्या भाषेत सांगता येतो. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना बंदी ही जुनी रूढी आहे, असा सवर्ण वादींचा दावा होता. उच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. तेव्हा तळे कोणाचे, हा प्रश्न घोषणांबरोबर कागदपत्रांनीही लढवावा लागला. सातबारा, सिटी सर्व्हे, नगरपालिकेचे ठराव ही आजच्या कार्यकर्त्याची हत्यारे आहेत, हे आठवी-नववीच्या मुलांना समजू शकते.

गांधारपाले : दगडात कोरलेले पाणी

तळ्यावरून निघून दोन-तीन किलोमीटर मुंबईच्या दिशेने आले की पाले गाव लागते. गावामागच्या डोंगरात सुमारे तीस लेणी आहेत. पायऱ्या चढून वर गेले की खाली गांधारी नदी, शेते, महामार्ग आणि महाड शहर दिसते. लेण्यांची जागा अशी का निवडली, याचे उत्तर तिथे उभे राहिल्यावर मिळते. व्यापाराचा रस्ता नजरेत आहे, भिक्षेसाठी गाव जवळ आहे, पण निवास गर्दीपासून वर आहे.

इथे एक ब्राह्मी शिलालेख आहे. भाषा प्राकृत. त्यात विष्णुपालित (‘वेण्हुपालित’ या प्राकृत रूपात) नावाच्या कुमाराने दिलेल्या दानाची यादी आहे : लेणे, चैत्यगृह, आठ ओवरक, लेण्याच्या दोन्ही बाजूंना दोन पोढी, आणि लेण्याकडे येणारी वाट. ओवरक म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या. देवळाभोवतीच्या खोलीला आपण ओवरी म्हणतो, तो शब्द इथूनच आलेला. पोढी म्हणजे दगडात खोदलेले पाण्याचे टाके. म्हणजे जवळपास अठराशे वर्षांपूर्वी इथे दान देणाऱ्याने पाणी आणि वाट यांनाही खोल्यांइतकेच महत्त्व दिले, आणि ते दगडावर लिहून ठेवले.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी, १९२७ साली, माणसांना पाणी पिण्यासाठी मार खावा लागला. वर पाणी दान करणारी परंपरा आणि खाली पाणी नाकारणारी व्यवस्था. या दोन गोष्टी एकाच दिवसात, दोन-तीन किलोमीटरच्या अंतरावर मुलांना दाखवता येतात. महाडच्या परिषदेनंतर बाबासाहेब सहकाऱ्यांना घेऊन जवळची बौद्धकालीन लेणी पाहायला गेले होते, आणि रायगडावरही गेले होते, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिले आहे. धम्मदीक्षेला तेव्हा अजून २९ वर्षे होती. लेण्यांना आणि किल्ल्याला, दोन्हीकडे गेलेल्या बाबासाहेबांच्या वाटेनेच आपल्या मुलांना न्यायचे आहे.

टाक्यांपाशी थांबून पावसाचा धडा शिकवावा. या किनाऱ्यावर चार महिने धो-धो पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. डोंगर बेसॉल्टचा, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन थरावर थर साचून तयार झालेला. हा दगड कठीण आणि एकसंध असल्यामुळे त्यात मोठी दालने कोरता येतात आणि टाक्यात पाणी टिकते. पावसाचे पाणी पन्हळीतून टाक्यात वळवले की उन्हाळा निघतो.

वर्षावासाचा नियमही इथेच समजावून सांगता येतो. पावसाळ्यात भिक्खू फिरत राहिले, तर उगवते गवत आणि बारीक जीव पायाखाली चिरडले जातात, अशी तक्रार लोकांनी केली. त्यावर तथागतांनी भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायला सांगितले, असे विनयात आहे. विहारात आषाढी पौर्णिमेला वर्षावासाचे प्रवचन ऐकणाऱ्या मुलाला हा नियम टाके आणि खोली पाहिल्यावर अधिक नीट कळतो.

कुडा : दान देणारे कोण होते?

गांधारपाले पाहिलेल्या मुलांना दुसऱ्या दिवशी कुड्याला न्यावे. तळा तालुक्यातले हे गाव राजपुरीच्या खाडीच्या आतल्या टोकाला, मांदाडजवळ आहे. लेण्यांसमोर खाडीचा पाणपसारा दिसतो. इथले शिलालेख म्हणजे त्या काळच्या समाजाची हजेरीच आहे.

इथे दान देणाऱ्यांत महाभोज मांदव घराण्यातली माणसे आहेत. त्यांच्याबरोबर एक माळी आहे, शिवपिरित नावाचा. सोमदेव नावाचा वैद्य आहे. कऱ्हाकडचा, म्हणजे आजच्या कराडचा, महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी आहे. एक श्रेष्ठी आहे. पदुमणिका नावाची भिक्खुणी आहे, तिच्या शिष्यांसह. चैत्यगृहाचे दान भयिला नावाच्या ब्राह्मण उपासिकेने केले आहे.

ही यादी फळ्यावर लिहा आणि मुलांना प्रश्न विचारा. कराडचा लोखंडाचा व्यापारी सह्याद्री उतरून खाडीकाठी कशाला आला असेल? माळ्याकडे लेणे कोरून देण्याइतका पैसा कसा आला? स्त्रिया स्वतःच्या नावाने दान देत होत्या, याचा अर्थ काय? राजाच्या नावाबरोबर माळ्याचे नाव त्याच डोंगरावर कोरले जाते, हे पुढे कधी थांबले आणि का? सगळ्या प्रश्नांची उत्तरे लगेच मिळणार नाहीत. पण राजांच्या लढायांपलीकडे कष्टकऱ्यांचाही इतिहास असतो आणि तो लिहिलेला असतो, हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहते.

प्रत्येक दानलेखात बहुधा ‘देयधम’ हा शब्द येतो. मुलांना सहलीआधी एवढी चारच ब्राह्मी अक्षरे शिकवावीत. ‘ध’ अर्धवर्तुळासारखा, ‘य’ नांगरासारखा, ‘म’ म्हणजे वर्तुळावर दोन शिंगे. काळानुसार वळणे बदलतात, पण अंदाज येतो. भिंतीवर ती अक्षरे शोधायला लावा. दोन हजार वर्षांपूर्वीचा एक शब्द स्वतः वाचता आला, याचा आनंद दहा भाषणांनी मिळत नाही.

रायगडच्या प्राचीन किनाऱ्याचे आणखी एक टोक चौलला आहे. जुन्या शिलालेखांत त्याचे नाव चेमुल. ग्रीक-रोमन लेखकांनाही हे बंदर माहीत होते. चेमुलच्या रहिवाशांची दाने बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत कोरलेली आहेत. उरण तालुक्यातल्या घारापुरीला सगळे शैव लेण्यांसाठी जातात. १९८७ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पण त्याच बेटाच्या पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत, हे फार थोड्या सहलींना सांगितले जाते.

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य : फरक कोणाला भोगावा लागतो?

मुले सरसकट सगळ्या राखीव जंगलाला ‘नॅशनल पार्क’ म्हणतात. रायगड जिल्ह्यात एकही राष्ट्रीय उद्यान नाही. इथे अभयारण्ये आहेत : पनवेलजवळचे कर्नाळा पक्षी अभयारण्य, १९६८ चे, आणि मुरुड-रोहा भागातले फणसाड वन्यजीव अभयारण्य, १९८६ चे. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहा : ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. ताडोबा त्यांत सर्वांत जुने, १९५५ चे.

फरक नावापुरता नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात स्थानिकांचे काही हक्क जिल्हाधिकारी चालू ठेवू शकतात. राष्ट्रीय उद्यानात बंधने त्याहून कडक असतात, गुरे चारायलाही मनाई असते. म्हणजे नकाशावर हिरवी रेघ ओढली, की कोणाच्या तरी गुरांची वाट, सरपण, मध, कंद यांवर परिणाम होतो. रायगडमध्ये ते कोण, तर प्रामुख्याने कातकरी, ठाकर आणि इतर आदिवासी. बोरिवलीच्या उद्यानात वारली पाडे आहेत. २००६ चा वनहक्क कायदा राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांनाही लागू होतो, पण हक्क मिळवायला गावाला दावा दाखल करावा लागतो, पुरावे द्यावे लागतात.

फणसाडमध्ये हे सगळे एकत्र दिसते. हे जंगल पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते. शिकारीसाठी राखले म्हणून ते टिकले, पण तेव्हाही ते सामान्य माणसासाठी बंदच होते. इथे शेकरू दिसतो, बिबट्या आहे. जंगलातल्या पाणवठ्यांना स्थानिक लोक ‘गाण’ म्हणतात, फणसाड हे नावही अशाच एका गाणीवरून पडले. मुलांना गाणीवर शांत बसवावे. तिथे भेकर, रानडुक्कर, पक्षी सगळे एकाच पाण्यावर येतात. चवदार तळ्याची गोष्ट ऐकून आलेल्या मुलांना इथे काही वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कान्हेरी तर राष्ट्रीय उद्यानाच्या आतच आहे. शंभराहून अधिक लेणी, त्यांच्यासाठी खोदलेली असंख्य टाकी, भोवती जंगल आणि त्याच जंगलात मुंबईला पाणी देणारे तुळशी आणि विहार तलाव. जंगल राहिले म्हणून पाणी राहिले, हे मुंबईच्या मुलांना दाखवायला याहून चांगली जागा नाही.

जंगल राखण्याचा विचार आपल्या परंपरेत जुना आहे. धम्मचक्रप्रवर्तन झाले ते सारनाथच्या मिगदायात, म्हणजे हरणांना अभय असलेल्या वनात. सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात न मारण्याच्या प्राण्यांची यादीच दिली आहे आणि विनाकारण जंगल जाळू नये असे सांगितले आहे. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे कोकणात सोपाऱ्यालाही सापडले. याला आजच्या अर्थाने राष्ट्रीय उद्यान म्हणणे बरोबर होणार नाही, आणि मुलांना तसे सांगूही नये. १८७२ साली अमेरिकेत यलोस्टोन झाले, ते पहिले राष्ट्रीय उद्यान. पण तिथूनही मूळ रहिवाशांना बाहेर जावे लागले. प्राण्यांना अभय द्यायचे आणि माणसाचा हक्कही राखायचा, ही करुणा आणि समता यांची सांगड आहे. आपल्या मुलांनी हा विचार घेऊन निसर्ग शिबिरात बोलावे असे आम्हाला वाटते.

जमिनीचे दोन लढे

वेळ असेल तर आणखी दोन ठिकाणे जोडावीत. अलिबागच्या खारेपाटात चरी गाव आहे. समुद्राचे पाणी बांध घालून अडवायचे, उघाडीतून गोडे पाणी बाहेर काढायचे आणि खारजमिनीत भात पिकवायचे, हे काम कुळांचे. धान्य मात्र खोत आणि सावकाराच्या घरी. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन न कसण्याचा संप केला. बाबासाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले. बाबासाहेब फक्त एका जातीचे पुढारी होते असे म्हणणाऱ्याला चरीचे नाव पुरेसे आहे.

दुसरे ठिकाण उरण तालुक्यातले चिरनेर. भारतीय वन कायदा १९२७ चा, महाडच्याच वर्षीचा. त्या कायद्याने जंगलावरचे सरकारचे नियंत्रण पक्के केले. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला आणि त्यात सत्याग्रही शहीद झाले. महाडला पाणी, चरीला जमीन, चिरनेरला जंगल. हे तिन्ही लढे दहा-बारा वर्षांच्या काळात एकाच जिल्ह्यात झाले.

हा भूगोल आजही जीव घेतो. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, ८० हून अधिक माणसे गेली. जुलै २०२३ मध्ये खालापूरची इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. उताराच्या जागी वस्ती कोणाची असते, हे मुलांना नकाशावर शोधायला लावावे.

सहल कशी आखावी?

सातवी ते नववीची तीस-पस्तीस मुले आणि दर आठ मुलांमागे एक कार्यकर्ता, एवढे पुरे. पहिला दिवस : दासगाव, चवदार तळे, क्रांतिस्तंभ, गांधारपाले. दुसरा दिवस : कुडा, आणि खाडीला वळसा घालून फणसाड. कान्हेरी मुंबईच्या मंडळांनी वेगळ्या दिवशी करावी. सोमवारी राष्ट्रीय उद्यान आणि घारापुरी बंद असतात. तिकीट असलेल्या केंद्रीय संरक्षित स्मारकांवर १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नसते. पावसाळ्यात निसरड्या डोंगरावर मुलांना नेऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. २० मार्चच्या गर्दीत शिकवणे होत नाही, म्हणून अभ्यास सहलीचा दिवस वेगळा ठेवावा.

निघण्याआधी विहारात दोन वर्ग घ्यावेत : एक नकाशाचा, एक ब्राह्मी अक्षरांचा. सहलीत प्रत्येक मुलाकडे वही हवी आणि प्रत्येक ठिकाणी तीन नोंदी : पाणी कुठून येते, वाट कुठून येते, आणि इथे कोणाला येऊ देत होते व कोणाला नाही. स्थानिक माणसांना बोलते करावे. कातकरी वाडीतल्या आजीला जंगलातल्या भाज्यांची जी माहिती असते, ती कुठल्या पुस्तकात मिळेलच असे नाही. तिला मान देऊन ऐकावे, मध्येच फोटो काढत बसू नये.

लेण्यांत शिस्त कडक हवी. अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून खडू किंवा तेल लावू नये, पाणी टाकू नये, मेणबत्त्या भिंतीजवळ लावू नयेत, कोणाचेही नाव लिहू नये. संघटनेचा फलकही भिंतीला लावू नये. गांधारपाले आणि कुडा ही केंद्रीय संरक्षित स्मारके आहेत. १९५८ च्या कायद्यानुसार त्यांचे नुकसान करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. लेण्यांवर आपला हक्क सांगायचा असेल, तर त्यांची सर्वांत चांगली काळजीही आपणच घेतली पाहिजे. कुठे अतिक्रमण किंवा विद्रूपीकरण दिसले, तर मुलांसमोर भांडण न करता तारखेसह फोटो काढावा आणि पुरातत्त्व विभागाकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. पोच घेणे हाही शिकवण्याचा भाग आहे.

परत आल्यावर एक रविवार राखून ठेवावा. मुलांनी स्वतः काढलेला किनाऱ्याचा नकाशा विहाराच्या भिंतीवर लावावा आणि पालकांना समजावून सांगावा. दासगावचे बंदर कुठे, पोढी कुठे, माळ्याचे लेणे कुठे, गाण कुठे. जे मूल हे चार बिंदू न बघता दाखवू शकेल, त्याला पुढच्या वर्षी लहान मुलांचा गट सांभाळायला द्यावा. येत्या २० मार्चला १९२७ च्या सत्याग्रहाची शताब्दी असो वा नंतरचे कोणतेही वर्ष, आपल्या विहारातून महाडला जाणाऱ्या गाडीत असे एक तरी मूल बसलेले असले पाहिजे.

जय भीम, नमो बुद्धाय.